चिल्यावरचा आळ

मासा चिरायला घेतला की जमुनाबाई आधी त्याचं पोट उघडून बघायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, डोक्यावर ऊन तापलेलं असो, तिचा हा शिरस्ता मोडायचा नाही. अड्याळच्या बाजारात ती तीस वर्षं विळ्यापुढे बसत आली होती. लोक थट्टा करायचे, "माशाची पत्रिका पाहून राहिली का वो, जमुनाबाई?" ती हसायची आणि बोटानं आतडं उलगडायची. माशानं काय खाल्लं त्यावरून तलावात काय चाललंय ते तिला बसल्या जागी कळायचं. मरळीच्या पोटात झिंगे निघायचे, बोटाएवढ्या मासोळ्या निघायच्या. त्या मासोळ्या चिरल्या तर आत पाण्यातले किडे, गोगलगाईंची पिल्लं. आणि किडे-गोगलगाई जगायच्या त्या चिल्यावर. चिला म्हणजे तलावाच्या तळाशी रुजणारं, पाण्याच्या आतच वाढणारं बारीक पानाचं गवत.

अलीकडे मात्र पोटं रिकामी निघत होती. कधी चिमूटभर चिखल, कधी तोही नाही. मुंडी मोठी आणि अंग वाळलेलं, असे मासे बघून गिऱ्हाईक नाक मुरडायचं आणि पलीकडे गोसीखुर्दच्या धरणाचे मासे घ्यायला जायचं. जमुनाबाई त्यांना बोल लावत नसे. तलाव उपाशी होता, आणि तो कोणामुळे उपाशी राहिला हे साऱ्या वस्तीत एकट्या तिला ठाऊक होतं.

तिचा लिलाधर या तलावात बुडाला, त्याला अकरा वर्षं झाली होती. आसगावच्या अलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांची चाळीस घरं, आणि घरांना लागूनच तलावाची पाळ. आषाढातले रोवणीचे दिवस होते. जमुनाबाई आणि तिची सून रंजू दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला गेल्या होत्या. सुखरामनं, म्हणजे जमुनाबाईच्या नवऱ्यानं, त्या पहाटे पोराला एकट्यालाच डोंगा घेऊन जाळी उचलायला पाठवलं आणि स्वतः मच्छीमार सोसायटीच्या कामाला पवनीला गेला. दुपारी डोंगा रिकामाच काठाला लागला. लिलाधर सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. पायांना, कमरेला, मनगटांना चिला गुंडाळलेला होता.

सव्वीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा पोरगा छातीभर पाण्यात मरतो कसा, हे कोणाला कळत नव्हतं. "चिल्यानं ओढलं त्याले," कोणीतरी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत सारी वस्ती तेच म्हणायला लागली. सुखराम तर वेड्यासारखा पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी चिला उपटू लागला. उपटायचा, पाळीवर फेकायचा, पायाखाली तुडवायचा. चौघांनी धरून त्याला बाहेर काढलं.

दहाव्याच्या दिवशी घाटावर आंघोळी झाल्या आणि सोसायटीचा अध्यक्ष टिकाराम पुढे आला. त्यानं तलावाचंच पाणी ओंजळीत घेतलं, ते सुखरामच्या ओंजळीत सोडलं आणि म्हणाला, "सुखरामभाऊ, तू हायेस तवरी या तलावात चिला राहनार नाही. हा सगळ्यायचा शबद हाये." या वस्तीत हातावर पाणी घालून दिलेला शब्द कोणी मोडत नाही. ज्याला दिला त्यानंच तो पाण्यात सोडून परत करायचा, दुसरा मार्ग नाही.

म्हातारी आनंदाबाई तेवढी मागून पुटपुटली होती, "चिला गेला तं मासोळी खाईन काय?" जाणत्या माणसांना ते कळत नव्हतं असं नाही. पण समोर एक बाप मुंडण करून, ओल्या धोतरानं थरथरत उभा होता. त्याला त्या वेळी नाही कोण म्हणणार? सगळ्यांना दया आली, आणि तलावाचा घात झाला तो त्या दयेनं.

महिनाभर बायाबापे चिला उपटत होते. उरलासुरला संपवायला गवत्या माशाचं बीज आणून सोडलं. गवत्या म्हणजे पाण्यातला बैलच, दिसेल ते हिरवं चरतो. पहिली दोन वर्षं त्यानं अशी चंगळ केली की बघायला नको. पाच-पाच, सहा-सहा किलोचे मासे निघाले. लोक म्हणाले, बरं झालं, जाळी अडकत नाहीत, तलाव आरशासारखा दिसतो.

मग गोगलगाई दिसेनाशा झाल्या. जमुनाबाईला ते विळ्यापुढे बसल्याबसल्या कळलं. पुढल्या वर्षी बारीक मासोळ्या आटल्या, त्यांना लपायला जागा नव्हती की खायला किडा नव्हता. त्यानंतर मरळ गेली. मरळ गेल्यावर पाण्यावर टपून बसणारे बगळे आणि ढोक गेले. चिल्याच्या पसाऱ्यावर पावलं टाकत फिरणारा लांब बोटांचा पक्षी तर आधीच गेला होता. गवत्यालाही चरायला उरलं नाही. तो काठाची मुळं कुरतडून पाणी गढूळ करू लागला आणि वाळत गेला. शेवटी माणसं निघाली. सोमाजीचं घर, त्याच्या भावांची दोन घरं, गोसीखुर्दच्या पाण्यावर ठेकेदाराच्या हाताखाली मासे धरायला गेली ती परत आली नाहीत.

एक एक जाताना जमुनाबाईनं पाहिलं, आणि दर वेळी तो दोष तिनं आपल्या नावावर मांडला. कारण चिल्यानं लिलाधरला ओढलं नव्हतं. लिलाधरला मिरगी होती.

पोरगा चौदा वर्षांचा असताना पहिला झटका आला तो मामाच्या गावी. सुखराम तेव्हा धरणावर मासे धरायला महिनोन् महिने जात असे, त्याला पत्ता लागला नाही. अड्याळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज एक, खंड पडू द्यायचा नाही, आणि पाण्यात एकट्याला जाऊ द्यायचं नाही. पोरानं आईचे पाय धरले. "माय, बाले सांगू नको. तो मले डोंग्यात बसू देनार नाही." ढिवराचा पोरगा आणि पाण्यात जायचं नाही, मग त्यानं करायचं काय? पोरगी कोण देणार होतं त्याला? जमुनाबाईनं गोळ्यांची पुडी तांदळाच्या मडक्यात दडवली आणि रोज चहाबरोबर एक गोळी देत राहिली. लग्न झाल्यावर सुनेनं विचारलं तर म्हणाली, ताकदीची गोळी आहे. बारा वर्षांत तीन झटके आले, तिन्ही बापाच्या माघारी. त्यातला एकही पाण्यात आला नाही, म्हणून तिला वाटलं, देवाला आपली दया आली.

पोरगा सापडला त्या सकाळी लोक चिल्याचं नाव घेऊ लागले तेव्हा तिनं तोंड उघडलं असतं तर? त्या वेळी तिला बोलायचं भानच नव्हतं, हे खरं. पण दहाव्याला होतं. टिकारामनं पाणी घेतलं तेव्हा ती पाच हातांवर उभी होती आणि तिनं पदर तोंडात कोंबला. बायका म्हणाल्या, रडू आवरून राहिली बिचारी. त्यानंतरचे काही आठवडे बाजारात मासा चिरताना तिचा हात थांबायचा. पोरगा एक रात्र त्या पाण्यात होता. पोटात काय दिसेल या भीतीनं ती डोळे मिटून आतडी फेकायची, आणि अड्याळच्या लोकांना वाटायचं, म्हातारीची नजर गेली.

रंजूनं मात्र दुसरं लग्न केलं नाही. लिलाधर गेला तेव्हा तिची प्रेरणा जेमतेम वर्षाची होती. सुनेनं सासऱ्याबरोबर जाळं विणायला शिकून घेतलं, बचत गट उभा केला, सोसायटीत बाया येत नसत तिथं जाऊन बसली. या उन्हाळ्यात ती गटाच्या बायांबरोबर गोंदियाकडचे दोन तलाव बघून आली आणि परतली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. त्या बायांनी तलावात चिला पुन्हा लावला होता, धान रोवतात तसा रोवला होता, आणि तीन वर्षांत मासोळ्या परत आल्या होत्या.

तिनं सासऱ्यापुढे गोष्ट काढली ती भर दुपारी, टिकारामला बरोबर घेऊन. सुखराम ओसरीवर जाळ्याची भोकं सांधत होता.

"मामाजी, एक मागनं होतं," रंजू म्हणाली. "आमी चिला लावतो म्हनतो. तुमी शबद परत देसान का?"

सुखरामनं मान वर केली नाही. "माह्या पोराले खाल्लं त्यानं."

"माहा नवरा होता तो," रंजू म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मले काय तो चिला गोड लागते का? पन तलाव मरून राहिला, मामाजी. औंदा नाही लावला तं मी प्रेरणाले घेऊन नागपूरले भावाकडे जातो. तिथं कामं हायेत. इथं माही पोरगी काय खाईन?"

"जाय मंग. मी मेल्यावर लावजा."

टिकारामनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आमचे हात बांधले हायेत, रंजू. शबद त्याचा हाये." एवढं बोलून तो उठला. रंजूही उठली. आत चुलीपाशी बसलेल्या जमुनाबाईनं सगळं ऐकलं होतं. भात करपल्याचा वास येईपर्यंत ती हलली नाही.

त्याच आठवड्यात प्रेरणा दारात वही घेऊन बसली होती. बारा वर्षांची पोरगी, तोंडाची टकळी अखंड चालू. सुट्टीचा अभ्यास म्हणून मास्तरांनी आपापल्या गावच्या तलावाची अन्नसाखळी काढायला सांगितली होती. तिनं वरती पिवळा सूर्य काढला होता आणि खाली चौकोन.

"हे पाय आजी. ऊन पयले झाडाले भेटते. झाडाले खाल्लं का किड्याले भेटते, किड्याले खाल्लं का मासोळीले, मासोळीले खाल्लं का मरळीले. मंग आपल्याले. पन सगळं नाही भेटत. दहा वाट्यातला एकच पुढे जाते."

"अन् नऊ?"

"नऊ जगन्यातच जातेत ना. पोहन्यात, पळन्यात, पिल्लं पोसन्यात."

जमुनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण हे तिला नवीन नव्हतं. किलोभर मरळ वाढायला किती मासोळी लागते ते तिच्या बोटांना माहीत होतं. पुस्तकवाल्यांना उशिरा का होईना कळलं म्हणायचं.

प्रेरणानं पेन्सिल चावली. "पन आपल्या तलावाचं कसं काढू? सूर्य हाये, अन् पयल्या चौकोनात चिला लिवा लागते. चिलाच नाही आपल्याकडे. मंग पुढच्या चौकोनात कोनी येतच नाही. ऊन पडते ते वायाच जाते." तिनं आजीकडे पाहिलं. "रिकामे ठेवू का, आजी? का मास्तर रागावतीन?"

जमुनाबाईनं त्या चौकोनांकडे बघितलं. वर सूर्य, खाली रिकामी घरं, आणि सर्वांत शेवटी पोरीनं काढलेली तीन माणसं: एक म्हातारा, एक बाई, एक वेणीवाली मुलगी. म्हातारी काढायची राहिली होती. जमुनाबाई म्हणाली, "राहू दे बाई. उद्या काढू." त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

सकाळी सुखराम पाळीवर जाळं वाळत घालत होता. ती मागोमाग गेली. तलाव उन्हानं अर्धा आटला होता आणि उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा गेल्या होत्या.

"अजी, आयकता का," ती म्हणाली. "चिल्यानं नाही नेलं आपल्या लिलाले."

त्यानं वळून पाहिलं.

"त्याले मिरगी होती. चवदा वर्साचा होता तवापासून. मी गोळ्या देत होतो त्याले. तुमाले सांगतलं नाही. तो पडला अशीन झटका येऊन, मंग चिला गुंडाळला त्याले. पान्यात पडलेल्या लाकडालेबी गुंडाळते तो."

बोलायला सुरुवात केल्यावर तिला वाटलं होतं की आपण रडू, पण रडू आलं नाही. सुखराम जाळं हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा तिनं पन्नास वर्षं बघितला होता, आणि आता तो तिला ओळखीचा वाटेना.

"मले सांगतलं असतं," तो म्हणाला, "तं मी त्याले एकट्याले धाडलं असतं का?"

"नसतं धाडलं. म्हनूनच नाही सांगतलं. त्यानं पाय धरले होते माहे."

"मी धाडलं ना त्याले. डोंगा मीच ढकलून देला." तो खाली बसला. अकरा वर्षं त्या हिरव्या गवतानं त्याच्या वाटचं ओझं वाहिलं होतं. ते तिनं एका सकाळी काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. तिला ते दिसत होतं, आणि तिला त्याची इतकी कीव आली की सगळं परत गिळून टाकावं असं वाटलं.

मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी गोळी घेतली होती का त्यानं?"

हाच प्रश्न येईल हे तिला ठाऊक होतं. होय म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. नशिबाचे भोग म्हणून दोघांनीही कपाळाला हात लावला असता. पण आता खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"संपल्या होत्या," ती म्हणाली. "तीन दिवस झाले होते. रोवणी चालू होती, अड्याळले जानं झालं नाही. उद्या जाईन, उद्या जाईन म्हनत राहिलो मी."

सुखरामनं तिला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तसं केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं जाळ्याची घडी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. "रंजूले माहीत हाये?"

"नाही."

"तिले तू सांगजो. मी सांगनार नाही." एवढं बोलून तो टिकारामच्या घराकडे निघाला.

त्याच दिवशी दुपारी सोसायटीची माणसं घाटावर जमली. सुखरामनं ओंजळ भरून घेतली, पाणी तलावात सोडलं आणि म्हणाला, "चिल्याचा दोष नव्हता. लावा." कोणी कारण विचारलं नाही. रंजू रडत पाया पडली, आणि म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. जमुनाबाई मागे उभी होती. तिला वाटलं, आत्ताच सांगावं. पण सून हसत होती, अकरा वर्षांत पहिल्यांदा अशी हसत होती. आज नको, ती मनाशी म्हणाली, उद्या सांगू.

मृगाच्या आधी आटलेला तळ नांगरला. गवत्या होता तेवढा वेचून काढला. पाऊस लागून घोटाभर पाणी झाल्यावर रंजूच्या गटाच्या पंधरा बायांनी लांबच्या तलावातून टोपल्या भरून चिला आणला आणि ओणवं होऊन, रांगेनं, एकेक जुडी चिखलात रोवली. वस्तीतले बापे पाळीवर बसून चेष्टा करत होते, "यंदा धान पान्याखाली पिकवता का वो?" जमुनाबाईही त्या रांगेत होती. हातात चिल्याची जुडी घेतली तेव्हा तिनं मनातल्या मनात त्याची माफी मागितली. गवताची माफी मागायला तिला लाज वाटली नाही.

त्या पावसाळ्यात चिल्यानं मूळ धरलं. दिवाळीला पाण्यावर चतुर उडू लागले. पुढल्या उन्हाळ्यात गोगलगाई दिसल्या, आणि त्यांच्या मागावर ढोक आले, चार आले, मग चाळीस. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, लोंढ्याबरोबर मासोळ्या उतरल्या आणि लपायला जागा मिळाली म्हणून राहिल्या. अड्याळच्या बाजारात जमुनाबाईच्या विळ्याखाली पोटं भरलेली निघू लागली. सोमाजीनं गोसीखुर्दवरून निरोप धाडला की होळीला परत येतो. ऊन पुन्हा हाताहातातून पुढे जाऊ लागलं होतं.

घरात मात्र ते पोचत नव्हतं. सुखराम बायकोशी बोलत नसे असं नाही, पण कामापुरतं बोले. तिनं वाढलं की खाई, आणखी घ्या म्हटलं की ताटावर हात धरी. त्यानं वस्तीत कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. कधीतरी चहा पिताना तो रंजूकडे बघायचा, मग जमुनाबाईकडे, आणि तिला कळायचं तो काय विचारतोय. तिचा उद्या दीड वर्ष लांबला. तशी ती स्वस्थ नव्हती. प्रेरणा झोपली की तिच्याजवळ बसून राहायची, पोरीचा हात जरा हलला तरी हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. प्रेरणा पोळ्याला चौदाची होणार होती.

माघातल्या एका सकाळी रंजू पाळीवरून धावतच आली. तिच्या हातात हातभर लांबीची मरळ होती, काळीशार, शेपूट झाडणारी. या तलावातली इतक्या वर्षांतली पहिली.

"आत्याबाई, पायली का! चिरा हिले, पाहा पोटात काय हाये."

जमुनाबाईनं मरळ हातात घेतली. वजन चांगलं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आनंदाचंच आलं.

"मी सगळ्यायले सांगतो," रंजू तिचा हात धरून म्हणाली, "का हे माह्या सासूमुळे झालं. मामाजीले तुमीच मनवलं, मले ठाऊक हाये. मी इचारलं नाही कधी, पन जलमभर नाही इसरनार." मग तिनं हसून तलावाकडे बोट दाखवलं. "अन् तिकडे पाहा. आजपासून पोट्टीले डोंगा देला मी. एकटी गेली जाळी उचलाले. बापासारखी हाये, भीत नाही."

जमुनाबाईनं बघितलं. तलावाच्या मध्यावर, चिल्याच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे, डोंग्यात प्रेरणा उभी होती. एकटीच.

हातातली मरळ खाली पडली. "तिले बोलाव," ती म्हणाली. "रंजू, बोलाव तिले बाहेर."

"काहून? काय झालं?"

तिनं सांगितलं. मिरगी, चौदावं वर्ष, तांदळाच्या मडक्यातली पुडी, ताकदीची गोळी, रोवणी. अकरा वर्षं आणि वर दीड वर्ष जे जिभेवर येत नव्हतं ते चार वाक्यांत संपलं. रंजू ऐकत होती, आणि जमुनाबाईला वाटलं, आता ती म्हणेल की तुम्ही मला फसवलं, माझा नवरा तुम्ही मारला. ते सगळं ऐकायला ती उभी राहिली होती.

रंजू म्हणाली, "प्रेरणाले हाये का?"

"नाही. अजून तं नाही. मी रोज पाहतो."

"अजून," रंजू म्हणाली, आणि पळत सुटली. पाळीच्या कडेला जाऊन तिनं दोन्ही हात उंचावून हाक मारली. ओसरीवरून सुखराम उठून आला. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. सुनेचा आवाज ऐकूनच तो समजला. तिघंही पाण्याच्या कडेला उभी राहिली.

लांबून पोरीला वाटलं, आई शाबासकी देते आहे. तिनंही हात हलवला, आणि आणखी एक जाळं उचलायला डोंगा पुढे घेतला. रंजूचा घसा बसला. सुखराम छातीभर पाण्यात जाऊन थांबला. पुढे चिला होता, आणि सत्तरीच्या माणसाला तिथवर पोहत जाणं झेपण्यासारखं नव्हतं. जमुनाबाईनं डोळ्याची पापणी हलवली नाही. पोरगी वाकली की तिचा श्वास थांबायचा, सरळ झाली की सुटायचा. तिनं तीन जाळी उचलली. तेवढा वेळ जमुनाबाईच्या उभ्या जन्माएवढा झाला.

शेवटी डोंगा वळला. चिल्यातून वाट काढत, तोंडानं काहीतरी गुणगुणत पोरगी काठाला आली. डोंग्याच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळी मासोळ्या उड्या मारत होत्या. तिनं आधी पाण्यात उभ्या असलेल्या आजोबाकडे पाहिलं, मग आईकडे, मग आजीकडे.

"काय झालं?" ती म्हणाली. "असे काहून पाहून राहिले सगळे माह्याकडे?"

रंजू पाण्यात उतरली आणि तिनं पोरीच्या हातातलं वल्हं काढून घेतलं.